आठवं नाव

दिनांक: २५ जानेवारी १९७९, गुरुवार. वेळ: दुपारी दोन. ठिकाण: सक्करदऱ्याचं मैदान.

हजर: कौसल्याबाई गजभिये, प्रसिद्धीप्रमुख. कोराडीचा महिला संघ, खेळाडू आठ. उमरेडचा महिला संघ, खेळाडू सात. पंच दोन. स्पर्धेचे सेक्रेटरी, उशिरा. मी, बी.कॉम. दुसरं वर्ष, प्रात्यक्षिकासाठी. आणि प्रेक्षक.

गैरहजर: प्रमुख पाहुणे.

वहीतली नोंद जशी होती तशी उतरवली आहे. पुढच्या पानावर खेळाडूंची नावं आहेत. उमरेडच्या सातही जणींची आहेत, कोराडीच्या सात जणींची आहेत. आठव्या ओळीत नुसता आकडा आहे. हे लिहायला बसले ते त्या ओळीमुळे आणि बाईंमुळे. दोन्ही वेगळं करता येत नाही.

त्या वर्षी आमच्या कॉलेजाने वाणिज्य शाखेच्या मुलांना सहा आठवडे बाहेर काम करायला पाठवलं. कुणाला बँक मिळाली, कुणाला कापडाची पेढी. चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी मी तापाने घरी होते, म्हणून उरलेली चिठ्ठी मला आली: कबड्डी स्पर्धा, प्रसिद्धी विभाग. आज माझी भाची पुण्यात हेच शिकते आणि त्याला स्पोर्ट्स मार्केटिंग म्हणते. बाई त्याला 'लोक आणणं' म्हणायच्या.

प्रसिद्धी विभाग म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली. आत एक टेबल, चुन्याची बादली, भिंती रंगवायचे दोन कुंचले आणि बाई. चाळिशीच्या. कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कारकून होत्या आणि वर्षभराची रजा साठवून ती सगळी जानेवारीत या स्पर्धेसाठी काढायच्या. रोज सकाळी कोराडीच्या बसने यायच्या. आल्या आल्या चष्म्यावरची राख पदराने पुसायच्या, मग तो पदर कमरेला खोचायच्या तो परत जाईपर्यंत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. डावा गुडघा पूर्ण वाकत नसे. तरुणपणी त्या स्वतः खेळल्या होत्या, त्याची ती खूण. पर्समध्ये फुटाणे असत, आणि प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की समोरच्याच्या हातावर चार पडत.

मी नमस्कार केला.

"काय येते तुले?"

"मला याद्या चांगल्या करता येतात."

"कशाच्या?"

"कशाच्याही."

"मंग जा. मैदानावर कोण कोण नाही, त्याची यादी करून आण."

मी बाहेर गेले. संध्याकाळचा सराव चालू होता, बघायला शंभरेक माणूस उभं होतं. कोण नाही हे कसं लिहायचं? अर्ध्या तासाने कोरी वही घेऊन परत आले.

"कोणीच सुटलं नाही काय? अख्खं नागपूर हजर आहे?"

"बाई, जे नाहीत ते दिसणार कसे?"

"नाही दिसत, म्हणूनच तं तुले पाठवलं वं."

पुन्हा गेले. या वेळी बघितलं. बाप्ये, पोट्टे, चहावाला, एक म्हातारे पेन्शनर. मी लिहिलं: बायका. एकच शब्द. हातावर फुटाणे पडले.

दुसरी शिकवण दुसऱ्याच दिवशी मिळाली. माझं अक्षर नीट आहे आणि मी खोडरबर जवळ ठेवत असे. बाईंनी तो उचलला आणि टेबलाच्या खणात टाकला. "खोडू नको. चुकलं तं चुकलं. खाली बरोबर लिही, वरचं राहू दे. नाही तं आपण चुकलो होतो हे कोणाले समजन?" तो खोडरबर मला शेवटपर्यंत परत मिळाला नाही.

खोलीत एक फोटो लावलेला होता. जुन्या कुठल्याशा विजयी संघाचा. पुढे खुर्च्यांवर सात पुरुष बसलेले, मागे मुली उभ्या. खाली छापलेलं: 'बसलेले, डावीकडून', मग सातही पुरुषांची हुद्द्यांसकट नावं. त्याखाली: 'उभ्या: खेळाडू'. बस.

बाईंनी मागच्या रांगेतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. "ही मी. पंधरा वर्षं झाली, अजून उभीच आहो."

त्यांचं सगळं भांडण त्या फोटोतून निघालेलं होतं. स्पर्धेचं मोठं पोस्टर छापायला गेलं तेव्हा त्या मला घेऊन छापखान्यात गेल्या. मसुद्यात नऊ मान्यवरांची नावं होती, उद्घाटकापासून स्वागताध्यक्षांपर्यंत. बाईंनी पेन्सिलीने बाण काढून सगळे मान्यवर तळाला नेले.

छापखान्याचे मालक घाबरले. "बाई, अध्यक्षांचं नाव खाली?"

"काहून गा, अध्यक्ष कबड्डी खेळते काय?"

"नाही, पण..."

"मंग त्याले पाहायले कोण येईन?"

मालकांनी फोन केला, सेक्रेटरींनी बाण पुसायला सांगितले, पोस्टर मूळचं तसंच छापलं गेलं. बाई हरल्या. त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मालकांकडे कापलेल्या कागदाचे उरलेले तुकडे मागितले, तळहाताएवढे. "यावर तरी माझ्या मनाचं छापा."

स्पर्धेत पुरुषांचे सोळा संघ होते आणि महिलांचे दोन: कोराडी आणि उमरेड. म्हणजे महिलांचा एकच सामना, तोच अंतिम. गेल्या वर्षी तो पाहायला पंच धरून तीस माणसं होती. समितीची बैठक झाली. मी कोपऱ्यात टिपणं घेत बसले होते. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता, टापटिपीचा होता, मला आवडायचा. तो म्हणाला, "गजभिये बाई, महिला गट हा आपल्यावर भार आहे. यंदा शेवटचं. दोनशे प्रेक्षक दिसले तर पुढच्या वर्षी चालू ठेवू, नाही तर बंद."

"दोनशे आणतो. पण संध्याकाळचे पाच द्या."

"पाच वाजता पुरुषांचा अंतिम सामना. लोक त्यासाठी येतात."

"मंग किती वाजता?"

"दुपारी दोन."

"दोन वाजता मैदानावर कुत्रं नसते साहेब."

"तेच तर म्हणतोय मी," सेक्रेटरी म्हणाला आणि सगळे हसले.

बाहेर आल्यावर बाई मैदानाच्या कडेला, वाकत नसलेला पाय पुढे ताणून, एका पायावर उकिडव्या बसल्या. मग मला म्हणाल्या, "तू नंदनवनात राहते ना? तुझ्या गल्लीतल्या बायायले विचार, दिवसातून कोणत्या वाजता हात मोकळा असते. घरोघर जा. अंदाजानं लिहू नको."

हे काम माझ्या जातकुळीचं होतं. तीन दिवस मी नंदनवन आणि सक्करदरा पायी पालथं घातलं. प्रत्येक घराची एक ओळ. सकाळी डबे. दहाला धुणं. पाचला मुलं, चहा, दिवाबत्ती, नवरा. संध्याकाळी पाचला मोकळी अशी एकही बाई सापडली नाही. पण जवळजवळ प्रत्येक ओळीत एक रिकामा तुकडा होता: जेवणं उरकून भांडी झाली की दीड-दोनपासून, चारला नळ येईपर्यंत.

मी वही बाईंपुढे ठेवली. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, एकेक पान. मग चष्मा काढला.

"पाच मिळाले असते तं मेलो असतो वं आपण. यायनं मेलेला टाइम समजून दिला. हा टाइम तं आपला आहे!"

मूठभर फुटाणे. एवढे पुन्हा कधी मिळाले नाहीत.

सामन्यात खेळणार कोण हे बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि त्या तळहाताएवढ्या कागदांवर ते छापायचं काम माझ्यावर सोपवलं. चिठ्ठीवर उमरेडच्या सात जणी होत्या. कोराडीच्या आठ, सात खेळणाऱ्या आणि एक राखीव. आठव्या क्रमांकापुढे फक्त 'टिल्ली' लिहिलेलं. टिल्ली म्हणजे आमच्याकडे बुटकी, चिमुकली. बाकी सगळ्यांची नावं आडनावांसकट पूर्ण होती. अर्धवट नाव मला यादीत खपत नाही. विचारायचं ठरवलं. पण बाई त्या दिवशी रिक्षा आणि भोंगा ठरवायला गेल्या होत्या, छापखान्याचा माणूस उभा होता, आणि सात विरुद्ध सात अशा दोन रांगा कागदावर फार सुबक दिसत होत्या. मी सातच दिली.

संक्रांत होऊन गेली होती, घरोघरी हळदीकुंकवं चालू होती. कल्पना बाईंची. तिळगुळाच्या पुड्या त्या कागदात बांधायच्या आणि जिथे बायका जमतील तिथे वाटायच्या. पहिलं हळदीकुंकू आमच्याच घरचं होतं. अंगणात वीस-पंचवीस बायका. आईने सवयीने करंडा बाईंपुढे केला.

"कुंकू नाही लावत मी, बौद्ध आहो," बाई सरळ म्हणाल्या. "तिळगूळ द्या, तो घेतो. अन् माझा तुम्ही घ्या."

आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने करंडा खाली ठेवला, तिळगूळ दिला आणि बाईंसाठी खुर्ची आणली. बाई बसल्या नाहीत. त्यांचं लक्ष शेजारच्या ओट्यावर होतं. तिथे विमलमावशी बसून होत्या, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, बोलावतही नसत. बाई अंगण ओलांडून गेल्या आणि पहिली पुडी त्यांच्या हातात ठेवली.

मागून कुणीतरी कुजबुजलं. बाई वळल्या. त्यांना भोंग्याची गरज कधीच नव्हती. "सामना पाहायले कुंकू लागत नाही. गुरुवारी, दोन वाजता, सक्करदरा. चार वाजता नळावर परत. कागदावर नावं आहे, वाचून या. ज्यायले वाचता येत नाही त्यायले वाचून दाखवा."

विमलमावशींनी पुडी सोडली, तिळगूळ तोंडात टाकला आणि कागद मांडीवर सपाट करून मोठ्याने नावं वाचायला सुरुवात केली. आमच्या गल्लीने त्यांचा आवाज दोन वर्षांनी ऐकला.

गुरुवारी मी फाटकावर बसून पाच-पाचच्या रेघा मारत होते. पावणेदोनला नऊ बायका. दोनला पाच कमी साठ. बाई घड्याळ बघण्यासाठी सारखं मनगट उलटं करत होत्या. मग नंदनवनाच्या बाजूने आमची गल्ली आली. पुढे विमलमावशी, मागे आई, कडेवरची मुलं, विणकामाच्या पिशव्या, निवडायची भाजी. त्यानंतर रीघ थांबली नाही. दोनशेची रेघ मारली तेव्हा बाईंनी माझ्या हातातून पेन घेतलं.

"झालं. आता सामना पाहा."

तेवढ्यात सेक्रेटरी धावत आला. गर्दी त्याने कार्यालयाच्या खिडकीतून पाहिली होती. "बाई, थांबवा, थांबवा! इतकी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं. मी पाहुण्यांना निरोप पाठवलाय. ते साडेचारला येतात. त्यांच्या हस्ते सुरू करू. फोटोवालाही येतोय."

"साडेचारले ह्या बाया कुठं असतीन?"

"बसतील की. पाहुणे येताहेत म्हटल्यावर बसतील."

बाईंनी माइक उचलला. "बायानो! सेक्रेटरी साहेब विचारून राहिले, पाहुणे साडेचारले येतीन. तवापर्यंत कोण बसू शकते? हात वर करा."

एकही हात नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "अन् नळ काय तुमचे पाहुणे भरतीन काय जी?" सगळं मैदान हसलं.

बाईंनी माइक खाली केला. "साहेब, मी विचारलं. तुमच्या समोरच विचारलं."

"याचे परिणाम होतील, बाई."

"होऊ द्या. पंच, शिट्टी!"

त्या सामन्यासारखा सामना मी पुन्हा पाहिला नाही, आणि मला कबड्डीतलं फारसं कळतही नाही. चढाईला मुलगी निघाली की पाच-दहा बायका कागदावर वाकायच्या, नाव शोधायच्या आणि मग त्या नावाचा गजर व्हायचा. संघाचा नाही, गावाचा नाही, नावाचा. आडनावासकट. उमरेडच्या मुलीसुद्धा आपलं नाव ऐकून दचकत होत्या, कारण ते इतक्या तोंडांतून कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या डावात दोन्हीकडे गुण सारखे झाले आणि कोराडीच्या कर्णधाराचा घोटा मुरगळला. तिच्या जागी राखीव उतरली. सोळा वर्षांची असेल. भावाची असावी अशी ढगळ हाफपँट, दोरीने बांधलेली. बायका कागदावर वाकल्या. कागद उलटे केले, सुलटे केले. मैदान पहिल्यांदाच गप्प झालं.

"ही कोण वं?"

बाई माइकपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे हात केला. "नाव?"

"तुमच्या चिठ्ठीत टिल्लीच होतं, बाई. अर्धंच होतं म्हणून मी..."

"म्हणून तू गाळलं?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्या फोटोकडे ज्या नजरेने पाहायच्या, त्या नजरेने. मग माइक तोंडाशी नेला.

"टिल्ली! कोराडीची टिल्ली!"

मैदानाने तेवढंच उचललं. टिल्ली, टिल्ली! ती मुलगी आत शिरली, दोघींना शिवली, तिसरीने पाय धरला. ती पडली, आणि पडल्या पडल्या सरपटत तिची बोटं मधल्या रेषेपलीकडे गेली. तोंडातलं 'कबड्डी' तोवर तुटलं नव्हतं. वेळ संपली, कोराडी जिंकली. चारच्या आत मैदान रिकामं झालं होतं. साडेचारला पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोर जागोजागी तिळाचे दाणे चिकटलेले कागद पडले होते.

"पाहुण्यांपुढे मान खाली घालायला लावलीत," सेक्रेटरी म्हणाला.

"मान वर करा अन् ही वही पाहा. दोनशेच्या वर. पोरीनं लिहिलं आहे, ते खोडत नाही." शब्द दिलेला होता. महिला गट राहिला. पुढच्या वर्षी सहा संघ आले. प्रसिद्धीप्रमुख मात्र दुसरे होते. बाईंना समितीतून काढलं होतं, पत्रसुद्धा न देता. त्या सामना पाहायला आल्या, दोन वाजता, बायकांमध्ये खाली बसून.

प्रात्यक्षिकाच्या प्रमाणपत्रावर सही घ्यायला मी गेले तेव्हा बाईंनी कागद वाचला आणि परत दिला. "काम पूर्ण झालं नाही. टिल्लीचं पूरं नाव आण, सही ने."

"मी तिला कुठे शोधू?"

"कोराडीले. नवीन बांधकामावर तिचे मायबाप विटा उचलते. पोट्टी आमच्या कॉलनीच्या मैदानावर खेळायले येते. एक बस, अर्धा दिवस."

मी वहीत लिहिलं. पण अंतर्गत परीक्षा होती, आधी हिशेबशास्त्राचा पेपर होता. कॉलेजाला सेक्रेटरींच्या सहीचं पत्र चाललं, त्यांनी ते हसत दिलं. कोराडीला गेले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. चुलींचे काळे गोल होते, बांबूंचे खड्डे होते, झोपड्या नव्हत्या. मुकादम म्हणाला, टोळी दुसऱ्या कामावर गेली. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. नावं? त्याच्याकडे बापांची नावं होती, तीही अर्धी.

बाई कार्यालयातून बाहेर आल्या. मी काही सांगायची गरज पडली नाही.

"बाई, तुम्ही इथेच होता. तुम्ही का नाही विचारलंत?"

त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. "विचारू शकत होती. पण म्हटलं, पोरीचं काम आहे, तिलेच करू द्यावं. तुले शिकवून राहिली होती मी." चष्म्यावर राख होती, त्यांनी ती पुसली नाही. "तुझ्या शिकण्यात तिचं नाव गेलं. हे माझं चुकलं. लिहून ठेव. खोडू नको."

लिहून ठेवलं आहे. माझी चूक वरच्या ओळीत, त्यांची खालच्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. सात वर्षं झाली होती. मी विमा कंपनीत लागले होते आणि टापटिपीबद्दल तिथे माझं नाव होतं. बस स्थानकावर कोराडीची बस सुटायच्या बेतात होती. खिडकीत त्या, पदर कमरेला खोचलेला, केस बरेच पिकलेले. मी धावत खिडकीखाली गेले. नमस्कार करायच्या आत त्यांनी विचारलं, "सापडलं काय वं?"

"नाही, बाई."

"मंग इथं उभी राहून काय करून राहिली?"

बस हलली. त्यांनी खिडकीतून मूठ बाहेर काढली. मला वाटलं निरोपाचा हात असेल, म्हणून मीही हात वर केला. मूठ उघडली आणि चार फुटाणे माझ्या तळहातावर पडले. उत्तर बरोबर नसताना मिळालेले तेवढेच.

बाई आता नाहीत. प्रमाणपत्र माझ्या फायलीत आहे, सहीची जागा कोरी. मी भंडाऱ्याकडच्या तीन टोळ्यांमध्ये विचारलं, रायपूरला बदली होती तेव्हा तिथल्या दोन मुकादमांना विचारलं, जुन्या खेळाडूंपैकी चौघींना पत्रं लिहिली. प्रत्येक ठिकाणाची तारीख वहीत आहे. टिल्ली आता साठीच्या पुढे असेल. उमरेडची जिने तिचा पाय धरला होता ती अजून आहे, असं परवाच कळलं. तिला विचारायचं राहिलं आहे.